क्रोमच्या भागांवर रंग द्यायचाय: मुलामा किती काढायचा आणि कशाने?

काळं_मडगार्ड

जुन्या गाडीचे क्रोम केलेले भाग काळे करायचे आहेत. दोन्ही मडगार्ड, हँडल, लेगगार्ड, हेडलाइटची रिंग, दोन्ही रिम, सायलेन्सर आणि आरशांच्या दांड्या. मडगार्डच्या खालच्या कडेला पोपडे सुटलेत, लेगगार्डवर टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके आहेत, बाकी मुलामा घट्ट दिसतो. कॉम्प्रेसर, ड्रिल आणि अँगल ग्राइंडर आहे. सँडब्लास्टिंगची सोय घरी नाही.

विचारायचं असं की सगळा मुलामा काढून उघड्या लोखंडापर्यंत जावंच लागतं का? ॲसिड, कॉस्टिक सोडा आणि बॅटरी चार्जर, की नुसतं घासणं, यातलं घरी काय करावं? आणि प्राइमर कोणता धरतो?

मुलामा_मायक्रॉन

पहिल्या प्रश्नातच बाकीची उत्तरं आहेत, म्हणून आधी थर समजून घ्या.

आपण ज्याला क्रोम म्हणतो त्यात क्रोम अगदी नावाला असतं. लोखंडावर कधी तांब्याचा थर, त्यावर साधारण १० ते ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निकेल, आणि सगळ्यात वर ०.१ ते ०.५ मायक्रॉन क्रोम. आरशासारखी चकाकी निकेलची असते. क्रोम फक्त निळसर झाक देतं, ओरखडे पडू देत नाही आणि निकेल काळवंडू देत नाही.

रंग धरत नाही तो या वरच्या अर्ध्या मायक्रॉनमुळे. क्रोमवर हवेतच ऑक्साइडचं घट्ट पापुद्र्यासारखं आवरण तयार होतं. त्यावर रसायन चढत नाही आणि गुळगुळीतपणामुळे रंगाला पकडायला जागाही मिळत नाही. म्हणून काढायचं ते क्रोम. खालचं निकेल घट्ट बसलेलं असेल तर ते राहू द्या. गंजापासून ते लोखंडाला वाचवतं, आणि खरवडलेल्या निकेलवर इपॉक्सी प्राइमर चांगला बसतो.

घासताना रंगावर लक्ष ठेवा. निळसर पांढरं म्हणजे क्रोम. किंचित पिवळट, उबदार पांढरं म्हणजे निकेल. लालसर दिसलं की तांबं आलं. मळकट राखाडी आलं की लोखंड. सगळीकडे पिवळट, मंद पृष्ठभाग आला की थांबायचं. ज्या ठिकाणी पोपडा सुटलाय किंवा ठिपका आहे तिथे मात्र खालपर्यंत जावं लागतं, कारण तिथे गंज निकेलच्या खाली शिरलेला असतो.

नटबोल्ट_जपून

घासायला घेण्याआधी प्रत्येक भाग कशाचा आहे ते तपासा. यादीतल्या सगळ्याच वस्तू लोखंडाच्या असतील असं धरू नका.

चुंबक घट्ट चिकटला तर लोखंड. जड आहे पण चुंबक नीट चिकटत नाही तर बहुधा जस्ताचं ओतीव काम. आरशाचे सांधे, इंडिकेटरच्या दांड्या, काही झाकणं अशी असतात. हलकं आणि ठोकल्यावर बद्द वाजतं ते एबीएस प्लास्टिक. त्यावरच्या निकेलमुळे चुंबक जरासा ओढला जातो, त्याला फसू नका. हलकं पण धातूसारखं वाजतं ते ॲल्युमिनिअम.

आणखी दोन गोष्टी क्रोमसारख्या दिसतात. इंजिनाची झाकणं पुष्कळदा पॉलिश केलेलं ॲल्युमिनिअम असतात, वर पारदर्शक लॅकर. तिथे पेंट रिमूव्हर चालतो. खऱ्या क्रोमला मात्र तो काहीच करत नाही. दुसरं म्हणजे स्टेनलेसचा सायलेन्सर किंवा मडगार्ड. त्यावर मुलामाच नसतो, नुसतं खरबरीत करायचं. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये स्टेनलेस बुडवलं तर खड्डे पडतात.

पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या पाइपांना हात लावू नका. तिथलं क्रोम वेगळं असतं, थेट पोलादावर जाड थर, आणि त्यावरच ऑइल सील सरकते. ते उतरवलं की पाइप बाद.

वॉटरपेपर_१८०

तुमच्याकडे जी साधनं आहेत त्यावर मी घासण्याचाच मार्ग सांगेन. क्रम बिघडला की काम वाया जातं, तेव्हा क्रम नीट पाळा.

आधी भाग गाडीवरून काढा. गाडीवर ठेवून घासलं की क्लॅम्पखालची आणि वॉशरखालची जागा राहते आणि रंग नेमका तिथूनच उचलला जातो. भांडी घासायच्या साबणाने गरम पाण्यात धुवा. मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, दोन कापडं घेऊन: ओल्या कापडाने पुसायचं आणि वाळण्याआधी कोरड्याने उचलायचं. असं दोनदा. हे घासण्याच्या आधी करायचं. क्रोम पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. न पुसता घासलं तर ते ओरखड्यांमध्ये बसतं आणि पुढे रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

मग सुटलेले पोपडे. बोटाने ओढू नका, निकेलची कड ब्लेडसारखी कापते. चामडी हातमोजे घालून पातळ पत्र्याच्या पट्टीने किंवा जुन्या पटाशीने पोपड्याखाली शिरा आणि जितकं सहज निघतं तितकं काढा. जिथे पट्टी अडते तिथे मुलामा घट्ट आहे. त्या कडेवर ८० नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा, कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत. ही उतरण दोन-तीन सेंटिमीटर रुंद असू द्या. अरुंद ठेवली तर चकचकीत काळ्या रंगाखाली ती रेघ उठून दिसते.

घट्ट भागावर १८० नंबरचा सिलिकॉन कार्बाइड वॉटर पेपर, पाणी आणि थेंबभर साबण. क्रोम कडक असतं, पेपर लवकर बोथट होतो. बोथट पेपर क्रोमला आणखी चमकवतो, म्हणून कंजुषी करू नका. एका मडगार्डला पाच-सहा पेपर लागले तरी चालतील. सगळी चमक गेली की २४० किंवा ३२० चा एक हात मारा, ८० आणि १८० चे ओरखडे त्यात बसवायचे. खोबणी आणि वळणांसाठी खरबरीत स्कॉचब्राइट.

ड्रिलला तारेचा ब्रश लावून क्रोम निघत नाही. तारेपेक्षा क्रोम कडक, त्यामुळे ब्रश फक्त पॉलिश करतो. गंजलेल्या खड्ड्यांपुरता तो ठेवा.

मुलामा_मायक्रॉन

यात एक भर. मुलामा चढवताना वीज कडांवर आणि बाहेरच्या कोपऱ्यांवर जास्त जमते, म्हणून तिथे थर जाड असतो आणि आतल्या कोनांत पातळ. मडगार्डच्या दुमडलेल्या कडेला दुप्पट वेळ द्या. उलट सपाट भागात एकाच जागी घासत बसलात तर तांब्यापर्यंत लगेच जाल.

काळं_मडगार्ड

ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून पटकन होणार नाही का? आणि कोरडं घासलं तर?

नटबोल्ट_जपून

लेगगार्डवर फ्लॅप डिस्क चालेल, नळी जाड असते. मडगार्डवर नको. पत्रा तापून लाटांसारखा वाकतो आणि नंतर लांबी (पुट्टी) भरून तो सरळ करावा लागतो. रिमच्या कडेवर तर नकोच, टायर जिथे बसतो ती कड पातळ होते. हँडलवरही मधल्या क्लॅम्पजवळ आणि वळणांवर डिस्कने खोल खाच पाडू नका. ते ताण घेणारे भाग आहेत आणि तडा खाचेपासूनच सुरू होतो.

कोरडं घासू नका. निकेलची धूळ फुप्फुसांना घातक आहे, संभाव्य कर्करोगकारक म्हणून तिची नोंद आहे, आणि त्वचेला ॲलर्जी आणते. ओलं घासलं की धूळ उडत नाही, चिखल होतो. ग्राइंडर वापरायचाच तर पी१०० फिल्टरचा मास्क, बंद चष्मा आणि मोकळी जागा. चिखल कागदात गोळा करून रंगाच्या कचऱ्यासोबत द्या, बागेत टाकू नका.

क्षार_आणि_आम्ल

रसायनांचा प्रश्न राहिलाय, तो मी घेतो.

कॉस्टिक सोडा आणि चार्जर: भाग धन टोकाला जोडून क्रोम विरघळवतात. कारखान्यात ही पद्धत फार चांगली आहे, क्रोम जातं आणि निकेल तसंच राहतं. पण यात क्रोम सहासंयोजी रूपात, क्रोमेट होऊन पाण्यात येतं. द्रावण पिवळं होतं ते त्यामुळे. ते कर्करोगकारक आहे, आणि दोन्ही टोकांना उठणाऱ्या बुडबुड्यांबरोबर त्याचे तुषार हवेत जातात. वर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र, जवळ चार्जरची ठिणगी. घरी ही पद्धत करू नका. कोणी कॉस्टिकऐवजी मीठ सुचवलं तर तेही नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो. ॲल्युमिनिअम आणि जस्ताला कॉस्टिक तसंही खाऊन टाकतं.

हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये क्रोम त्रिसंयोजी रूपात उतरतं, द्रावण हिरवं होतं. हे पहिल्याच्या मानाने बरंच कमी घातक, पण सोपं मुळीच नाही. करायचंच असेल तर फक्त साध्या लोखंडाच्या, सपाट किंवा उघड्या आकाराच्या भागांसाठी, म्हणजे तुमच्या यादीत मडगार्ड आणि लेगगार्डचे क्लॅम्प.

- उघड्यावर करा. याच्या वाफेने आसपासची सगळी हत्यारं आणि उभी गाडी गंजते. ॲसिड-वायूचा फिल्टर असलेला मास्क, जाड रबरी हातमोजे, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, एप्रन.
- पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई प्लास्टिकचा टब. पाच लिटर द्रावणाला अडीच लिटर पाणी आधी ओता, मग अडीच लिटर ३० ते ३३ टक्क्यांचं ॲसिड हळूहळू. उलट कधीही नाही.
- भाग साबणाने धुऊन १८० ने हलका खरबरीत करून मगच बुडवा. तेलकट जागी आणि अखंड ऑक्साइडवर ॲसिड चढतच नाही, आणि ठिगळं राहतात.
- बुडबुडे जोरात सुरू होतील. काही मिनिटांत ते मंदावले आणि पृष्ठभाग पिवळट दिसला की क्रोम गेलं. लगेच बाहेर काढा. जास्त ठेवून निकेल निघेल असं समजू नका. निकेल फार सावकाश विरघळतं, आणि तोवर ॲसिड ठिपक्यांमधून आत शिरून लोखंड खातं.
- भरपूर पाणी, मग लिटरला ५० ग्रॅम खाण्याच्या सोड्याचं द्रावण, पुन्हा पाणी. हॉट एअर गनने लगेच सुकवा. उघडं लोखंड काही मिनिटांत तांबूस होतं. ती तांबूस साय ३२० ने काढून त्याच दिवशी प्राइमर.

उरलेलं ॲसिड मोरीत ओतायचं नाही. खाण्याचा सोडा थोडा थोडा टाकून पीएच ८ च्या आसपास आणा. फेस फार येतो, भांडं निम्मं रिकामं हवं. क्रोम राखाडी-हिरव्या गाळाच्या रूपात खाली बसतं. निकेल मात्र या पीएचला पूर्ण बसत नाही, त्यामुळे वरचं पाणीही गटारात चालत नाही. गाळ आणि पाणी दोन्ही घातक कचऱ्यात किंवा प्लेटिंगवाल्याच्या शुद्धीकरणात. या पाण्यात ब्लीच चुकूनही टाकू नका. ॲसिड पुरतं मारलं गेलं नसेल तर क्लोरीन निघेल, आणि मारलं गेलं असेल तर त्रिसंयोजी क्रोम पुन्हा सहासंयोजी होईल.

हा सगळा व्याप बघता दोन मडगार्डांसाठी वॉटर पेपरच बरा.

नटबोल्ट_जपून

ॲसिडबद्दल दोन ठाम गोष्टी. नळ्यांना ॲसिड नको: हँडल, लेगगार्डची नळी, सायलेन्सर. आत शिरलेलं ॲसिड वेल्डच्या फटीत राहतं, सोड्याचं पाणी तिथे पोचत नाही, आणि रंग दिल्यावर काही आठवड्यांनी तिथूनच फोड येतात.

दुसरं, १०.९ आणि १२.९ चे (जास्त ताकदीचे) बोल्ट, स्प्रिंगा, ॲक्सल यांना अजिबात नाही. ॲसिडमध्ये निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो. दिसायला काहीच फरक नसतो, ताण आल्यावर अचानक तुटतो. कारखान्यात यासाठी १९० ते २२० अंशांना कित्येक तास भाजतात. घरी ते भरवशाने होत नाही. क्रोमचे बोल्ट रंगवायला घेऊच नका, काळे नवे लावा.

क्रोम_उडालं

व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडने क्रोम निघतं असं बरेच जण सांगतात. काही तथ्य?

क्षार_आणि_आम्ल

नाही. दोन्ही गंज काढतात, क्रोमला काही करत नाहीत. पोपडे आधीच सुटलेल्या भागात खालचा गंज विरघळून पोपडा गळतो, त्यामुळे क्रोम निघालं असं वाटतं. फॉस्फोरिक ॲसिडच्या गंजरोधकाचंही तेच. तो वापरलात तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुवा. उरलेल्या चिकट थरावर इपॉक्सी बसत नाही.

भट्टी_आणि_बूथ

आता प्राइमर. दोन भागांचा इपॉक्सी, दुसरं काही नको. एच (etch) प्राइमर, म्हणजे आम्ल असलेला, सुचवणारे पुष्कळ भेटतील. त्यातलं आम्ल उघड्या लोखंडावर, ॲल्युमिनिअमवर काम करतं. क्रोमवर ते चावा घेऊ शकत नाही आणि निकेलवरही भरवसा नाही. शिवाय एच प्राइमरवर इपॉक्सी मारला तर बहुतेक कंपन्या तो चालत नाही असंच लिहितात.

घासून झाल्यावर पुन्हा ग्रीस रिमूव्हर. मग पाण्याची चाचणी: स्वच्छ पाणी ओता. पाण्याचा सलग पापुद्रा अर्धा मिनिट टिकला तर पृष्ठभाग स्वच्छ. पाणी फाटून थेंब होतात तिथे तेल शिल्लक आहे. सुकवल्यावर तिरक्या उजेडात बघा, आरशासारखा चमकणारा एकही ठिपका नको. रंग आधी सोडणार तो त्याच ठिपक्यावर.

हार्डनरचं प्रमाण डब्यावरचं, अंदाजाने नाही. मिसळून १५ ते ३० मिनिटं मुरू द्यायला सांगितलं असेल तर तेवढं थांबा. दोन मध्यम हात, मध्ये १५-२० मिनिटं. लांबी भरायची ती इपॉक्सीवर, उघड्या निकेलवर किंवा गंजावर नाही. खड्डे लांबीने भरून घासले की त्यावर परत इपॉक्सीचा एक हात. वरचा रंग इपॉक्सीच्या डब्यावर दिलेल्या मुदतीत मारला तर न घासता चालतो. मुदत उलटली तर ४०० ने खरबरीत करून मगच.

वरचा रंग पीयू (पॉलियुरेथेन) असेल तर हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला कुचकामी. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर तो शेवटचा हात बूथवाल्याकडून मारून घ्या.

वॉटरपेपर_१८०

सायलेन्सरबद्दल कुणी बोललं नाही अजून.

भट्टी_आणि_बूथ

सायलेन्सरचं सगळं वेगळं. वर जे निकेल ठेवा म्हटलं ते तिथे लागू नाही. साधा इपॉक्सी दीडशे अंशांच्या आसपासच मऊ पडतो. सायलेन्सरला ६०० अंशांचा सिलिकॉनचा रंग, बहुतेक वेळा प्राइमरशिवाय, आणि तो उघड्या, खरबरीत लोखंडावरच टिकतो. तापताना निकेल आणि लोखंड सारखे फुगत नाहीत. ज्या ठिकाणी पकड आधीच कच्ची आहे तिथे निकेल रंगासकट सुटतं.

तो ब्लास्टिंगला द्या. ॲल्युमिनिअम ऑक्साइड, ८० ते १२० मेश. नदीची वाळू वापरणाऱ्याकडे देऊ नका, त्या धुळीने सिलिकोसिस होतो. दोन्ही तोंडं बुचांनी बंद करून द्या. निकेल लवचीक असतं, ब्लास्टिंगने क्रोम चटकन जातं पण निकेल मंद होऊन तसंच राहतं. म्हणून आधीच सांगा की लोखंडापर्यंत हवंय, वेळ जास्त लागेल. रंग पातळ तीन हातांत. नंतर डब्यावर दिलेल्या टप्प्यांनी तापवणं, बहुतेकांत १२०, २०० आणि ३१५ अंशांच्या जवळपास अर्धा-अर्धा तास, मध्ये गार होऊ देऊन. हे न करता गाडी थेट दामटली तर रंगात फोड येतात.

पावडर कोटिंगचा विचार असेल तर तिथेही हेच. भट्टीत १८० ते २०० अंशांना सुटत आलेलं निकेल उचललं जातं. जस्ताचे ओतीव भाग त्या तापमानात आतून वायू सोडतात, पावडरमध्ये टाचणीची भोकं पडतात. शिशाचा डाग दिलेली हेडलाइटची रिंग तर सांध्यातून सुटेल.

काळं_मडगार्ड

म्हणजे सायलेन्सर आणि रिम ब्लास्टिंगला, मडगार्ड-लेगगार्ड-हँडल वॉटर पेपरने, रिंग आणि दांड्याही हाताने. रिम आऱ्यांसकट देऊ का?

नटबोल्ट_जपून

नाही, आरे आणि निपल काढूनच. निपलच्या भोकात ग्रिट (ब्लास्टिंगचे कण) बसला तर आरे जुळवताना ताण चुकीचा येतो. परत आल्यावर आतल्या बाजूने भोकांच्या कडा बोटाने नाही, चिंधीने तपासा. अडकली तर तिथे निकेलची धार आहे आणि ती रिम टेप फाडून ट्यूबला जाणार. आतल्या बाजूलाही इपॉक्सी द्या, गंज टेपखालूनच सुरू होतो.

हँडलवर क्लॅम्पच्या जागी जाड रंग नको. दाबाखाली रंग सरकतो, पातळ होतो, आणि बोल्ट आपोआप ढिले पडतात. तिथे फक्त इपॉक्सीचा एक पातळ हात द्या आणि थोडे दिवस गाडी चालवल्यावर बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळा. काही गाड्यांत स्विचची किंवा इंडिकेटरची अर्थिंग हँडलमधून आणि मडगार्डच्या बोल्टमधून जाते. त्या जागा टेपने झाका, नाहीतर रंग झाल्यावर दिवे का लागत नाहीत ते शोधत बसाल.

क्रोम_उडालं

एबीएसचे भाग असतील तर?

वॉटरपेपर_१८०

३२० ने ओलं घासा, हलक्या हाताने. कडांवर प्लास्टिक उघडं पडलं तर तेवढ्या जागी प्लास्टिकचा ॲडहेजन प्रमोटर (रंग चिकटायला मदत करणारा हात), मग इपॉक्सी. ॲसिटोन आणि कडक थिनर प्लास्टिकवर नको, पृष्ठभाग वितळतो. मुलामा फुगलेला असेल तर तो पूर्ण सोलून काढा. प्लास्टिकवर तो कागदासारखा निघतो आणि कडा फार धारदार असतात.

भट्टी_आणि_बूथ

सगळे भाग एकदम रंगवण्याआधी लेगगार्डच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी प्राइमरची चाचणी घ्या. डब्यावर लिहिलेला पूर्ण सुकण्याचा काळ जाऊ द्या. ब्लेडने दोन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा ओढा, चांगली चिकटणारी टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर तुमची घासणी पुरेशी झाली. चौकोन सुटले आणि खाली चमक दिसली तर क्रोम राहिलंय, पुन्हा १८० घ्या. चौकोनाच्या पाठीला निकेलचा पातळ पत्रा चिकटून आला तर तिथला मुलामाच कच्चा आहे, तेवढा भाग लोखंडापर्यंत नेऊन परत प्राइमर.